आमच्या घरची उशिराची तिन्हीसांज

आमच्या घरात तिन्हीसांजेला कुणी झोपलेलं चालत नाही. म्हणजे अजिबात नाही. ताप असला तरी उठून बसायचं. भिंतीला टेका, उशी मांडीवर घ्या, डोळे मिटायचे तर मिटा, पण पाठ अंथरुणाला लागता कामा नये. आई घरभर फिरून आधी माणसं उठवायची, मग हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावायची, मग विजेचं बटण, मग चूल. हा क्रम कधी चुकला नाही. त्या वेळेला लक्ष्मी दारातून आत येते आणि तिला आडवं माणूस दिसलं की ती आल्या पावली परत फिरते, असं आईचं म्हणणं. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आई, लक्ष्मीला आपल्या वस्तीचा चिखलाचा रस्ता चालतो आणि झोपलेलं पोर चालत नाही?" त्यावर पाठीत जो धपाटा बसला, तो अजून आठवतो.

आणि देवानं मला नोकरी कोणती द्यावी? जिच्यात नेमकं तिन्हीसांजेलाच झोपावं लागतं!

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी विमानात काम करायचे. लोक 'हवाई सुंदरी' म्हणायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पहाटे पहाटे दोनशे माणसांची उष्टी ताटं गोळा करणारी बाई, कसली डोंबलाची सुंदरी? नगरला कॉलेजात असताना पेपरातली जाहिरात बघून अर्ज केला होता. उंची होती, इंग्रजी घोटून घोटून तयार केलं होतं, आणि लागले की हो! राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, घरोघरी पेढे वाटले. आईनं फक्त एवढंच विचारलं, "रातच्याला घरी येशील ना?"

रातच्याला मी कुठे असायचे, तर समुद्रावर. आमची विमानं आखातात कामाला जाणाऱ्यांना नेणारी आणि आणणारी, सगळी रात्रीची. संध्याकाळ उलटली की तयार व्हायचं, उजाडल्यावर खोलीवर यायचं. पण काम मला मनापासून आवडायचं, हे आधी सांगून टाकते. दोन-दोन वर्षांनी घरी परतणारी माणसं मुंबई जवळ आली की एकदम गप्प व्हायची आणि खिशातले कंगवे काढून भांग पाडायला लागायची. विमानभर नुसते कंगवे. ते बघायला मी कितीही रात्री जागले असते.

पण जागायचं म्हणजे कधीतरी झोपायचंही असतं ना. तिथेच घोडं पेंड खात होतं. पहिलं वर्ष अंगात रग होती, निभावलं. मग झोप माझ्यावर रुसली ती रुसलीच. सकाळी येऊन पडलं की डोळे टक्क उघडे. जेवायला बसलं की घासागणिक डुलकी. एकदा फोडणीत मोहरी म्हणून चहाची पावडर टाकली आणि खोलीतल्या तिघींनी ती भाजी माझ्या भीतीनं गपचूप खाल्ली. एकदा एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून बँकेत जाऊन आले. चिडचिड तर विचारू नका. मुळात माझा स्वभाव गरीब गाईचा नाहीच, त्यात झोप नाही. दूधवाला दुधाची पिशवी दारात ठेवून बेल न वाजवता पळून जायचा.

शेवटी व्हायचं ते झालं. एका पहाटे विमान मुंबईत उतरलं. मागच्या दाराशी माझी छोटी खुर्ची असायची, तीत पट्टा बांधून मी बसले होते. दार उघडायचं काम माझं. विमान थांबलं, लोक उठले, पिशव्या काढल्या, कंगवे खिशात गेले, रांग लागली, आणि रांगेच्या तोंडाशी मी, मान टाकून गाढ झोपलेली. गंमत म्हणजे मला कुणी उठवेना. एक म्हातारबाबा मागच्यांना म्हणाले म्हणे, "थांबा रे, पोरगी दमली आहे." तिकडून आमची वरिष्ठ बाई आली, तिनं मात्र खांद्याला धरून गदागदा हलवलं. आणि मी तिला काय म्हणावं? "उठते गं आई, लाव तू दिवा."

ती बाई पंजाबी होती, तिला काही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मला कंपनीच्या डॉक्टरांपुढे उभं केलं.

डॉक्टर म्हातारे आणि फटकळ. म्हणाले, "गोळ्या मागू नकोस, मी देणार नाही. रात्री उडणाऱ्यानं निघायच्या आधी, संध्याकाळी, तीन तास झोप काढलीच पाहिजे. सकाळची येईल तेवढी येईल. संध्याकाळची हुकली की रात्री तू अशीच दारात झोपणार आणि एखाद दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल. महिनाभर घरी जा. संध्याकाळी झोपायची सवय लाव. जमलं तर परत उड. नाही जमलं तर खाली तिकिटांच्या काउंटरवर बस, तेही कामच आहे."

आहे ना, कामच आहे. पण काउंटरवर कंगवे दिसत नाहीत. मी तिथे मान हलवली आणि बाहेर येऊन बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी आले तेव्हा थंडी पडली होती. पेरूचा हंगाम, आणि साखर कारखान्याचाही. आण्णा कारखान्यात रात्रपाळीला होते. रात्री जेवून सायकलवर जायचे, सकाळी येऊन अंघोळ करायचे आणि ओसरीवरच्या बाजेवर अंग टाकायचे, ते पाचव्या मिनिटाला घोरायला सुरुवात. मी बघतच राहायचे. आमच्या वस्तीला चारी बाजूंनी पेरूच्या बागा, आणि पेरूवर पोपट. ते हाकलायला दिवसभर कुणी ना कुणी पत्र्याचा डबा बडवत असायचं. ठण ठण ठण, हाऽऽऽ! एक थांबला की दुसरा सुरू. त्यात आण्णा घोरायचे. मी मागच्या खोलीत कानात कापूस घालून पडायचे आणि डबे मोजायचे.

"आण्णा, तुम्हाला झोप येते तरी कशी हो?"

"झोपायला काय लागतं? आडवं व्हायचं," ते म्हणायचे. मला असला राग यायचा!

बरं, दिवसा झोपणारी तरणी पोरगी म्हणजे ती आजारीच असणार, अशी वस्तीची पक्की समजूत. दुसऱ्या दिवसापासून बाया बघायला यायला लागल्या. आजारी माणसाला बघायला जाताना फळं न्यायची, म्हणून प्रत्येकीच्या पदरात पेरू. आमच्या स्वतःच्या बागेत पेरू सडायला लागलेले आणि ह्या पेरू घेऊन! सगळ्यात आधी शेजारची काकी, म्हणजे आण्णांच्या चुलतभावाची बायको. ती माझ्या उशाशी बसली, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली आणि आईला म्हणाली, "नजर लागलीया पोरीला. वर जाती ना, कुनाकुनाच्या डोक्यावरनं जाती, लागनारच."

"काकी, मला झोपू दे गं," मी कळवळून म्हटलं.

"झोप की बाई, मी कुठं नगं म्हनती?" म्हणाली आणि पुढे तासभर त्याच उशाशी बसून आईशी बोलत राहिली.

रात्री आईनं काशाची वाटी काढली. तळपायाला तूप लावून ती वाटी घाशीत बसली. तूप काळं पडायला लागलं की म्हणायची, "बघ, किती उष्णता हाय अंगात!" दुधात जायफळ झालं, टाळूवर तेल झालं. काकीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या, तशी ती खूश झाली. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायला लागलं होतं. रात्रीची झोप बरी लागायला लागली. पण रात्रीची झोप काय कामाची? मला संध्याकाळची पाहिजे होती.

म्हणून आठवड्यानं मी ठरवलं की आता डॉक्टरांनी सांगितलं तसं करायचं. त्या वेळेला पोपट घरट्यांकडे जातात, डबे थांबतात. दुपार कलली की खोलीचं दार लोटून पडले. पडले, पडले, आणि काय सांगू, डोळा लागला! इतक्या महिन्यांनी अशी गोड झोप. तेवढ्यात कपाळावर गार हात.

"ऊठ गं. तिन्हीसांज झाली."

"आई! अगं, आत्ता कुठे लागली होती!"

"मग काय झालं? दिवा लागू दे, परत झोप."

परत कुठली झोप! मी ओसरीवर आले तर आण्णा बाजेवर उठून बसलेले, हात मांडीवर, डोळे मिटलेले, मान ताठ. आईनं दिवा लावला, बटण दाबलं, तसे ते जसे बसले होते तसेच कलंडले आणि घोरायला लागले. इतकी वर्षं रात्रपाळी करून त्यांनी ही कला साधली होती. मला म्हणाले, "तू पन बस की अशी. बसल्याबसल्या झोपायचं, लक्ष्मीला कळत न्हाई."

मी दोन-तीन दिवस तेही केलं. बसले. पण मला बसून झोप येत नाही, आणि आलीच तर आईची पावलं वाजली की उडते. रोज तेच. डोळा लागायला आणि गार हात कपाळावर यायला एक गाठ. अर्धा महिना सरला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एका संध्याकाळी माझा तोल सुटला.

"तुला माझी नोकरी घालवायची आहे का?" मी ओरडले. "डॉक्टरनं सांगितलंय, ही झोप नाही आली तर मला विमानात घेणार नाहीत. तुझी लक्ष्मी मोठी की मी?"

आई पण गप्प बसणारी नव्हे. मी कुणावर गेले ते उगाच का? हातातला काकडा खाली ठेवून म्हणाली, "मला लक्ष्मीचं सांगू नगंस. लक्ष्मी गेली तर गेली, लई बघितलीया तिला. तू तिकडं बी अशीच झोपनार आन् त्याच राती वर जानार. खाली जमीन न्हाई, पानी. आन् मी इथं तुला तिन्हीसांजेची झोपू देऊ? अवदसा मागं लागली तर कुनाला हाका मारशील तिथं?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे सगळं पैशाअडक्यासाठी, घराच्या भरभराटीसाठी चाललंय. आईला लक्ष्मीची काळजी नव्हतीच. तिला माझ्या जिवाची भीती वाटत होती. रोज, मी उडायला लागल्यापासून रोज.

त्या रात्री आम्ही दोघी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळभर नाही. मी बॅग भरायला घेतली होती. काउंटरवर बसायचं तर तसं, असं मनाशी म्हणत होते, आणि प्रत्येक साडी जोरात आपटून घडी घालत होते. दुपार कलली. आई दारात आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "झोप आता. मी उठवनार न्हाई."

"आणि दिवा?"

"त्याचं माझं मी बघन. तू झोप."

मला वाटलं, रागानं बोलतेय. पडले. घुश्शातच पडले, आणि घुश्शातच झोप लागली.

जाग आली तर सगळीकडे मिट्ट काळोख. हाताला हात दिसेना. आधी वाटलं विमानातच आहे. मग वाटलं, वीज गेली. चाचपडत ओसरीवर आले. समोर काकीच्या घरातला बल्ब लख्ख दिसत होता, म्हणजे वीज होती. आमच्याच घरात अंधार. ओसरीवर तीन आकृत्या बसलेल्या. एक आई, उंबऱ्याशी, हातात काड्याची पेटी. दुसरे आण्णा, बाजेवर ताठ. तिसरी काकी. फ्यूज उडाला असेल म्हणून तार घेऊन बघायला आली होती, तिला आईनं तोंडावर बोट ठेवून तिथंच बसवलं होतं.

"आई? दिवा का नाही लावला?"

"तिन्हीसांज कुठं झाली अजून?" आई म्हणाली.

"अगं, बाहेर चांदण्या आल्यात!"

"येऊ देत. दिवा लागल्याबिगर तिन्हीसांज व्हती व्हय आपल्या घरात? तू उठलीस. आता झाली." आणि ती उठली, हातपाय धुतले, देवापुढे बसून काडी ओढली. तिच्या तोंडावर उजेड पडला. मग बटण दाबलं. मग चुलीकडे गेली. क्रम काही चुकला नाही, नुसता उशिरा सुरू झाला.

"झाली बाबा एकदाची," आण्णा म्हणाले. "चहा टाक पयला. पोटात कावळे वरडायला लागले." काकी पदरात तोंड खुपसून हसत होती. मला हसू पण येत होतं आणि रडू पण, म्हणून मी उगाच आण्णांवर ओरडले की तुम्ही काय नुसते बसून राहिलात, बाजेवर आडवं व्हायचं ना! तर म्हणाले, "आडवं कसं व्हनार? तुझ्या आईचं काय ठरलंय, कुनाला ठाव? मी आपला बसून."

पुढचे उरलेले सगळे दिवस आमच्या घरी तिन्हीसांज मी उठल्यावर झाली. मी निर्धास्त झोपायचे. कधी कधी उठले तर काकीच्या घरची जेवणं उरकलेली असायची. वस्तीवरच्या बाया आईला चिडवायच्या, "तुमच्याकडं उजाडतं तरी येळंवर का?" आई म्हणायची, "आमची पोरगी इमानातली हाय. तिची येळ येगळी." भाकरी उशिरा मिळते म्हणून आण्णांनी दोन-तीन दिवस कुरकुर केली, मग बाजेखाली पेरूची पाटी ठेवून दिली आणि अंधारात बसल्याबसल्या एकेक खायला लागले. तो कचाकचा आवाज सोडला तर घरात एवढी शांतता असायची, की लक्ष्मीलाही वाटलं असेल, थांबावं जरा बाहेर.

मुंबईला गेले. डॉक्टरांनी डोळे बघितले, नाडी बघितली, चार प्रश्न विचारले. "काय केलंस?" म्हणाले. "घरी झोपले," मी सांगितलं. त्यांनी सही केली. खोलीतल्या तिघींना मी बजावलं की माझी ड्युटी असेल त्या दिवशी मी उठेपर्यंत खोलीतला दिवा लावायचा नाही. त्या बिचाऱ्या चहापावडरची भाजी खाल्लेल्या, त्यांनी हेही ऐकलं.

पुन्हा उडायला जायच्या दिवशी संध्याकाळी छान झोपले. उठले, तयार झाले, आणि निघता निघता खालच्या फोनच्या दुकानातून काकीकडे फोन लावला. वस्तीवर तेवढ्या एकाच घरी तेव्हा फोन होता. निघताना फोन करीन, असं पत्रात लिहिलंच होतं; म्हटलं, घरी सांगावं की आजपासून परत सुरू. गाडी यायला वेळ होता.

काकीनं पहिल्याच घंटीला उचलला. मी 'हॅलो' म्हणायच्या आत म्हणाली, "उठलीस का गं?"

"उठले. का गं काकी?"

फोन तसाच हातात धरून ती बाहेर तोंड करून ओरडली. तो आवाज मला दोनशे-अडीचशे किलोमीटरवर मुंबईत स्पष्ट ऐकू आला, "उठली गंऽऽ! लाव दिवा!"

"काकी, काय चाललंय? किती वाजले, तुम्हाला माहीत आहे का?"

"तुझी आई बसलीया अंधारात, पेटी घेऊन. तू लिवलं हुतंस ना, आज जानार म्हनून. म्हनली, तिकडं पोरगी झोपलेली आसंल, मी हिकडं दिवा लावून तिन्हीसांज कशी करू? फोन येस्तवर लावायचा न्हाई म्हनली. आण्णा पेरू खाऊन खाऊन टेकीला आल्यात."

दुकानातला माणूस माझ्याकडे बघत होता, कारण मी विमानाचा गणवेश घालून, ओठांना लाली लावून, हमसून हमसून रडत होते. रडले, डोळे पुसले, काजळ पसरलं, परत नीट केलं.

त्यानंतर नोकरीत होते तोवर ड्युटीचे दिवस मी आधीच पत्रानं कळवले आणि त्या प्रत्येक संध्याकाळी तो फोन केला. 'उठले' एवढं म्हणायचं आणि ठेवायचा. एकदाच चुकले. विमानाची वेळ बदलली, धावपळ झाली, आणि फोन राहून गेला. विमानतळावर पोचल्यावर आठवलं, तशी पळत सुटले आणि तिथल्या फोनवरून लावला. चांगलाच उशीर झाला होता. या वेळी काकी नव्हती. कुणीतरी रिसीव्हर उलटासुलटा करत होतं, श्वास ऐकू येत होता. आई आयुष्यात कधी फोनला हात लावत नसे, तिला त्याची भीती वाटायची.

"आई?"

"झोप झाली का?" तिनं एवढ्या मोठ्यानं विचारलं, की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"झाली गं. मघाशीच झाली. चुकलं माझं, फोन राहिला."

"आसू दे," आई म्हणाली. "मग लावते."